‘पाटील बोलतोय’ : दुकानाची गिऱ्हाइकांची यादी आणि तिला सांभाळणारा कॉम्प्युटर

सांगलीत पाण्याची आरओ मशिनं आणि इन्व्हर्टर-बॅटऱ्या विकायच्या, वर त्यांची दुरुस्तीही करायची, म्हणजे दिवसभर एक वाक्य कानावर पडत राहतं : "पाटील बोलतोय, मशीन पाणी देईना झालंय." कुठले पाटील, असं विचारलं की पलीकडचा आवाज लगेच चढतो. इतकी वर्षं तुमच्याकडं सर्व्हिसिंग आहे आणि तुम्ही आम्हाला ओळखत नाही? माझे सासरे, म्हणजे अण्णा, आवाजावरून माणूस ओळखायचे. मी लग्नानंतर काउंटरला बसायला लागले तेव्हा माझ्या हाताशी होता फक्त कॉम्प्युटर. त्यात ‘पाटील’ टाकलं की स्क्रीनभर पाटील यायचे आणि नेमके हवे ते त्यात नसायचे, कारण त्यांची नोंद कुणीतरी इंग्रजीत ‘पाटील सर, बंगला’ अशी केलेली असायची.

ती यादी शोधण्याजोगी करताना काय काय करावं लागलं, ते लिहिते आहे. माझं कॉम्प्युटरचं शिक्षण एमएस-सीआयटी, बाकी सगळं अडल्यावर शिकलेलं. दुकानात एक्सेल होतंच, म्हणून एक्सेलवरच केलं. महागडं सॉफ्टवेअर दाखवायला येणारे पुष्कळ येतात. पण घाण माल नव्या डब्यात भरला तरी घाणच राहतो, हे अण्णांचं म्हणणं मला पटलं.

यादी एका जागी नव्हतीच. जुनी रजिस्टरं होती. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून काढलेली एक फाइल होती. मधे काही महिने कामाला असलेल्या एका ऑपरेटरने केलेली एक्सेल शीट होती. आणि सगळ्यात मोलाचा साठा होता मेकॅनिकच्या मोबाइलमध्ये, ‘माधवनगर आरओ पांढरं गेट’ असल्या नावांनी सेव्ह केलेला.

पहिल्यांदा ठरवलं ते असं, की गिऱ्हाईक ओळखायचं मोबाइल नंबरावरून. नाव कसंही लिहिलेलं असो. त्यासाठी आधी नंबर एका साच्यात यायला हवे होते आणि तिथंच सगळ्यात जास्त वेळ गेला. कुठं +९१, कुठं मागं शून्य, कुठं मधे रेघ, कुठं पाच-पाच आकड्यांचे तुकडे, कुठं एकाच खान्यात तिरकी रेघ देऊन नवऱ्याचा आणि बायकोचा असे दोन्ही. ९१ धरून बारा आकडी झालेला नंबर एक्सेलच्या साध्या खान्यात टाकला, की तो आखूड होतो आणि शेवटी ‘ई+११’ असं शेपूट दिसतं. फाइल एक्सेलचीच असेल तर आत पूर्ण नंबर शाबूत असतो, खान्याचा फॉरमॅट बदलला की दिसतो. पण हीच फाइल कुणी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला नुसता मजकूर, म्हणून सेव्ह केली, तर जे डोळ्यांना दिसतंय तेवढंच सेव्ह होतं. मागच्या आकड्यांच्या जागी शून्यं येतात आणि ते आकडे पुन्हा मिळत नाहीत. बिलिंगमधून आलेल्या फाइलीत असे नंबर निघाले, ते मग बिलाच्या स्थळप्रती काढून हाताने भरले. लँडलाइनचं दुखणं वेगळं. सांगली-मिरजेचा कोड ०२३३, पण एक्सेल त्याला साधी संख्या समजून पुढचं शून्य खाऊन टाकतं.

यावर इलाज सोपा आहे, फक्त तो आधी करायचा असतो. नंबर चिकटवायच्या आधी सगळा कॉलम निवडून त्याचा फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करायचा. मग शेजारच्या कॉलमात सबस्टिट्यूट हे सूत्र वापरून मोकळ्या जागा आणि रेघा काढून टाकायच्या आणि राइट हे सूत्र वापरून उजवीकडचे दहा आकडे घ्यायचे. म्हणजे +९१ असो की शून्य, आपोआप गळतं. लँडलाइन तेवढे आधी बाजूला काढायचे, नाहीतर त्यांचाही शिरच्छेद होतो. दोन नंबरवाले खाने ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ने तिरक्या रेघेवर तोडले आणि ‘दुसरा नंबर’ असा वेगळा कॉलम केला.

तरीसुद्धा काही नंबर सापडेनात. डोळ्यांना तंतोतंत सारखे, पण शोधलं की ‘नाही’. त्यांच्या मागं एक मोकळी जागा होती आणि ती ट्रिम, म्हणजे जादा मोकळ्या जागा काढणारं सूत्र, वापरूनही जात नव्हती. वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात वेगळ्या जातीची मोकळी जागा येते. संकेतांक १६०. ट्रिमला फक्त साधी, ३२ क्रमांकाची जागा कळते. तीच अदृश्य जागा खान्यातून कॉपी करून ‘रिप्लेस’च्या वरच्या चौकटीत चिकटवायची, खालची चौकट रिकामी ठेवायची आणि सगळीकडे बदल करायचा. एका झटक्यात हरवलेली माणसं परत आली.

आता एकच नंबर दोन-तीनदा आलेला दिसायला लागला. कंडिशनल फॉरमॅटिंगमधलं ‘डुप्लिकेट व्हॅल्यूज’ लावलं की ते रंगतात. तिथं एक बटन खुणावत असतं : ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’. चालत्या यादीवर ते दाबू नये, असं माझं ठाम मत आहे. ते पहिली ओळ ठेवतं आणि बाकीच्या उडवतं, कुठल्या ओळीत काय होतं ते सांगत नाही. आमच्याकडे एका नंबरावर घरचं आरओ, शेतातल्या घराचा इन्व्हर्टर आणि मुलाच्या क्लिनिकचं मशीन असा तीन ठिकाणचा कारभार असतो. ओळी तीन असल्या तरी त्यातली एकही जादा नाही. म्हणून यादीचे दोन भाग केले. एका शीटवर माणसं : नंबर, नाव, पत्ता. दुसऱ्या शीटवर मशिनं : सीरियल नंबर, मॉडेल, बसवल्याची तारीख, कुठं बसवलंय आणि कोणाचं, म्हणजे मोबाइल नंबर. दोन्ही जोडायला व्हीलुकअप, म्हणजे एका शीटवरचा नंबर दुसऱ्या शीटवर शोधून त्याच्या ओळीतली माहिती आणणारं सूत्र. त्यात शेवटी शून्य किंवा ‘फॉल्स’ लिहायलाच हवं. ते सोडलं तर एक्सेल जवळपासचं उत्तर देतं, आणि मेकॅनिक आरओची मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, बदलायला भलत्याच घरी जातो.

नावांची गंमत आणखी वेगळी. दीक्षित ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही. इंग्रजीतले चौधरी तर किती तऱ्हेने लिहावेत! एक्सेलच्या शोधात प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर आणि तारा म्हणजे कितीही अक्षरं. ‘द?क्षित’ टाकलं की ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही येतात, कारण वेलांटी हेही संगणकाच्या लेखी एक स्वतंत्र अक्षरच आहे. शोधाच्या खिडकीत ‘ऑप्शन्स’ उघडून ‘शीट’ऐवजी ‘वर्कबुक’ निवडलं की सगळ्या शीट एकदम धुंडाळल्या जातात. हे कित्येकांना माहीत नसतं.

पण कऱ्हाडकर आणि गोऱ्हे काही केल्या अर्धेच सापडायचे. स्क्रीनवर दोन्ही नोंदी डोळे फाडून पाहिल्या तरी काही फरक नाही. शेवटी माझ्या भावाने, तो पुण्यात कोडिंग करतो, फोनवर सांगितलं, "ताई, ते अर्धं र दोन तऱ्हेने बनतं." एका कीबोर्डवर ते नुक्त्याच्या ऱ पासून होतं, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारा जोडणारा संकेत अशा तिघांचं मिळून होतं. दिसायला एक, आत दोन. ‘ॲड.’ची तीच तऱ्हा. काही जुन्या नोंदींत अ वर वेगळा चंद्र ठेवलेला, तर नव्या मोबाइलवरून आलेल्यांत ॲ हे सबंध एक अक्षर, जे युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, २००८ साली आलं. आमचे वकील गिऱ्हाईक निम्मे या बाजूला, निम्मे त्या बाजूला. मी एका नोंदीतलं अक्षर कॉपी केलं, रिप्लेसमध्ये टाकलं आणि सगळीकडे एकच रूप केलं. आता दुकानात मराठी टायपिंग एकाच कीबोर्डवरून होतं, विंडोजमधल्या मराठी फोनेटिकवरून. ज्याला दुसरा आवडतो त्याने घरी वापरावा.

तरी खरं सांगायचं तर सगळ्यात कामाला आला तो मेकॅनिकच्या मोबाइलमधला मजकूर. आमचे जुने मेकॅनिक माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि एकेक नोंद सांगत गेले : "वहिनी, हे हरिपूर रोडचं पाटील न्हवं, हे वीटभट्टीमागचं. त्यांच्याकडं कुत्रं हाय, आधी फोन करायला लागतो." मी ‘खूण’ नावाचा कॉलमच केला. वीटभट्टी. पांढरं गेट. खाली दूध डेअरी. तिसरा मजला, लिफ्ट नाही. गिऱ्हाईक फोनवर स्वतःबद्दल नेमकं हेच सांगतं, पत्त्यातला सर्व्हे नंबर कुणी सांगत नाही.

मग एक जादा कॉलम केला, त्याला आम्ही ‘सगळं’ म्हणतो. त्यात ‘अँड’च्या (&) खुणेने मराठी नाव, इंग्रजी नाव, गाव, खूण, दोन्ही नंबर आणि मॉडेल असं एका ओळीत जोडलं आहे. शोध फक्त त्याच कॉलमात. फिल्टरच्या चौकटीत ‘पाटील*वीटभट्टी’ टाकलं की बहुतेक वेळा एकच माणूस उरतो. क्रम मात्र जोडताना ठेवला तोच हवा, आधी नाव मग खूण. नंबरच्या शेवटच्या चार आकड्यांवरूनही चालतं. सूत्र साधं आहे, जुन्या एक्सेलमध्येही चालतं, आणि अण्णांनाही जमतं.

कुपवाड एमआयडीसीतले कारखाने आणि मिरजेतली हॉस्पिटलं यांच्यासाठी मोबाइल नंबर उपयोगाचा नाही, तिथं खरेदी खात्यातला माणूस बदलला की नंबर बदलतो. त्यांच्यासाठी जीएसटी क्रमांक धरला. १५ अक्षरं : पहिली दोन राज्याची, महाराष्ट्राला २७, पुढची दहा म्हणजे पॅन. गोव्यात शाखा असेल तर सुरुवात ३०ने होते, पण मधला पॅन तोच. मधली दहा अक्षरं शोधली की एका कंपनीच्या सगळ्या नोंदी येतात, मग कुणी ‘प्रा. लि.’ लिहिलेलं असो की ‘प्रायव्हेट लिमिटेड’.

तारखांचा घोळ मला उशिरा दिसला आणि तोच सगळ्यात छुपा होता. वार्षिक करार, म्हणजे एएमसी, कुणाचा कधी संपतो हे यादीतून आपोआप निघावं म्हणून मी सर्व्हिसच्या तारखेत बारा महिने मिळवले. उत्तरं विचित्र आली. कॉम्प्युटरची भाषा अमेरिकन इंग्रजीवर होती. तिथं महिना आधी, दिवस नंतर. म्हणजे ३/४ लिहिलेली ३ एप्रिल गुपचूप ४ मार्च झाली होती. १३/४ मात्र त्याला समजत नाही, कारण तेरावा महिना नाही, म्हणून ती तशीच अक्षरं म्हणून पडून राहिली. ओळखायची खूण अशी, की खरी तारीख खान्यात उजवीकडे चिकटते, अक्षरं डावीकडे. उलटलेल्या तारखा शोधायला मी यादी बिल नंबरच्या क्रमाने लावली. बिल नंबर ओळीने चाललेत आणि तारीख मधेच उडी मारते, तिथं गडबड आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन रीजन ‘इंग्लिश (इंडिया)’ केलं, त्यानंतर नवीन घोळ झाला नाही.

आता मशीनबद्दल. दुकानातला कॉम्प्युटर असेम्बल केलेला, इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, चार जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क. सकाळी चालू करायचा आणि उदबत्ती, हार, चहा आटोपून परत यायचं. टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर डिस्क सतत १०० टक्के. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याने डिस्कची तब्येत कळते. निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सावध. आमची पिवळी होती. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क, टाकली, रॅम आठ केली, आणि तोच जुना कॉम्प्युटर चहा यायच्या आत चालू व्हायला लागला. जुन्या मशीनवर पैसे घालायचेच असतील तर पहिले एसएसडीवर घाला. प्रोसेसर, ग्राफिक कार्ड वगैरे विकणारे काहीही सांगोत. एसएसडीला डीफ्रॅग करायच्या, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावायच्या, भानगडीत मात्र पडू नये, तिची काळजी विंडोज स्वतः घेतं.

तरी त्या मशीनला विंडोज ११ चालत नाही. त्यासाठी इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटरनेट, ईमेल आणि बँकेच्या कामाला आम्ही नवीन मशीन घेतलं. जुन्याची नेटची वायर काढली, ते फक्त बिल छापतं. त्याला आधुनिक व्हायची गरज नाही.

दिव्याखाली अंधार म्हणतात, त्याचा आमच्याइतका चांगला नमुना मिळणार नाही. गावभर बॅटऱ्या विकणाऱ्या दुकानातल्या यूपीएसची बॅटरी मेलेली होती. लाइट गेली की कॉम्प्युटर गेला. यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची छोटी बॅटरी असते, दोन-तीन वर्षांत दमते, ती तेवढी बदलली की झालं. बिघाड असा, की कुणीतरी लेझर प्रिंटरही त्याच यूपीएसला जोडला होता. लेझर प्रिंटर कागद तापवताना एकदम जास्त करंट ओढतो, त्याला थेट भिंतीच्या बोर्डवर लावायचं. आणि रोज सकाळी कॉम्प्युटरची तारीख मागं जात असेल, बँकेची साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणत असेल, तर व्हायरसच्या नावाने खडे फोडण्याआधी मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलून बघावा. घड्याळाच्या दुकानात मिळतो. धूळ दिवाळीच्या सफाईत ब्लोअरने काढतो, पंख्याचं पातं बोटाने धरून, म्हणजे ते हवेनं गरगर फिरून खराब होत नाही.

बॅकअपचं महत्त्व आमच्या घरात कुणी कुणाला समजावत नाही. ऑगस्ट २०१९च्या महापुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. दुकान छतापर्यंत बुडालं. कॉम्प्युटर गेला, त्याच टेबलाच्या खणात ठेवलेली बॅकअपची हार्ड डिस्कही गेली. बिलांचा डेटा वाचला तो फक्त आमच्या सीएंकडे, कारण जीएसटी भरायला अण्णांनी जुलैची कॉपी पेन ड्राइव्हवर पाठवली होती आणि त्यांचं ऑफिस उंचावर आहे. रजिस्टरं पंख्याखाली वाळवली, बॉलपेनचं अक्षर बऱ्यापैकी टिकलं.

त्यामुळे आता दोन पेन ड्राइव्ह आलटून पालटून. एक दुकानात, एक घरी, आणि काम झालं की मशीनमधून काढलेली. कायम लावून ठेवलेली डिस्क खंडणीवाल्या व्हायरसच्या तावडीत मशीनबरोबरच सापडते. शिवाय गूगल ड्राइव्हवर एक. नुसतं ड्राइव्हवर आहे म्हणजे झालं असं मात्र नाही, इथं कुणी फाइल पुसली की तिकडचीही जाते आणि त्यांच्या कचऱ्याच्या डब्यात ३० दिवसच राहते. फाइलच्या नावात तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहिते, म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात आणि ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘खरंच फायनल’ हा तमाशा होत नाही. महिन्यातून एकदा घरच्या लॅपटॉपवर बॅकअप उघडून दोन-चार नंबर शोधून बघते. न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

राहिला यादी चोरीला जाण्याचा प्रश्न. आमच्या धंद्यात मेकॅनिक काम सोडून जातो तेव्हा बऱ्याचदा गिऱ्हाइकंही बरोबर नेतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पूर्वी सगळी यादी सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर होती. आता सकाळी ज्याला त्याला त्याच्या त्या दिवसाच्या कॉलपुरतीच नावं मिळतात. जुन्या मेकॅनिकना हे सुरुवातीला लागलं, "आमच्यावर भरवसा न्हाई का वहिनी?" म्हणाले. अण्णांनीच त्यांना समजावलं. डेस्कटॉपवर हप्त्याने मशीन घेतलेल्यांच्या आधार कार्डांचे स्कॅन पडलेले होते, काम संपलेले सगळे पुसले. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर असला पसारा बाळगणं म्हणजे फुकटचं ओझं. मशीन दुरुस्त करायला आधार कशाला लागतं?

पुरातून वाळवून काढलेली रजिस्टरं अजून माळ्यावर आहेत. त्यातली सगळी नावं कॉम्प्युटरवर चढवायची नाहीत, असं अण्णांचं आणि माझं ठरलंय. इतक्या जुन्या मशिनांपैकी बरीचशी भंगारात गेली असणार. एखादा जुना माणूस फोन करतो, मी रजिस्टर काढते, त्याची तेवढी एक नोंद नंबर, खूण आणि सीरियलसकट नव्या यादीत करते आणि रजिस्टरातल्या त्या ओळीवर लाल पेनने बरोबरची खूण मारते.